शमुवेलकाकांची साक्ष

कोर्टात साक्ष फिरवणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे बेड्या घालतात, असं मला वाटायचं. तसं काही होत नाही. तो पायऱ्या उतरतो, डोक्यावर टोपी ठेवतो, समोरच्या रसवंतीवर उसाचा रस पितो आणि येईल त्या एस.टी.ने गावी जातो. शमुवेलकाका तसेच गेले. अंबडच्या कोर्टाच्या आवारात उभी राहून मी त्यांना रस पिताना बघत होते. मनात म्हटलं, प्या सावकाश, पुढचं मी बघते.

त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझा राग शिळा झाला नाही. लोक म्हणतात, काळ गेला की माणूस निवतो. मी निवले नाही आणि निवायची माझी इच्छाही नव्हती.

मी जालन्यात मस्तगडला राहते आणि एका छोट्या बायबल शाळेत ग्रीक शिकवते. ग्रीक म्हटलं की लोक आधी हसतात. ज्या गावात बियाणं, सळई आणि मोसंबी विकली जाते, तिथं ग्रीक कोण घेणार? पण नवा करार मुळात त्या भाषेत लिहिलेला आहे आणि उद्या पाळक होणाऱ्या पोरापोरींना त्यातले शब्द कुठून आले ते कळायला हवं. ते काम माझं. माझं नाव सुवार्ता. घरी आई मला 'सुवी' म्हणते.

आई, मालनबाई, वडीगोद्रीलाच राहते. माझा धाकटा भाऊ शांतवन तिच्याजवळ होता. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. गोदावरीतून चोरटी वाळू भरून हायवा गाड्या, म्हणजे मोठाले डंपर, पहाटे त्याच्या दुकानावरून जायच्या. शांतवननं त्यांचे फोटो काढले आणि तहसीलात नेऊन दिले. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. त्याचा स्वभावच तसा, डोळ्यांना दिसलं की तोंडातून निघालंच पाहिजे. त्या गाड्या गावातल्याच वाळूवाल्या अंगदच्या होत्या. आठवडा उलटायच्या आत भर दुपारी एक हायवा महामार्ग सोडून सरळ शांतवनच्या दुकानात घुसला. शांतवन जागीच गेला.

गाडी अंगद स्वतः चालवत होता. हे शमुवेलकाकांनी बघितलं होतं. ते तेव्हा दुकानासमोर बाकड्यावर बसले होते, स्कूटरचा टायर काढून ठेवलेला होता. पोलिसांना त्यांनी तसं सांगितलंही. कोर्टात मात्र अंगदचा वकील म्हणाला की गाडी दुसराच ड्रायव्हर चालवत होता आणि ब्रेक फेल झाले. तो ड्रायव्हर कधी कुणाला सापडला नाही. मग शमुवेलकाका पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाठमोरा व्हतो, साहेब. मला काही दिसलं न्हाई." दुसरा साक्षीदार नव्हता. अंगद सुटला आणि त्याच्या गाड्यांवर गुलाल उधळला गेला.

शमुवेलकाका परके नव्हते. जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर, वडीगोद्रीच्या आमच्या छोट्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच, आईला बहीण मानणारे. शांतवनला सायकल त्यांनी शिकवली होती. आमच्या मंडळीत उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे: देवानं ताप उतरवला, नोकरी दिली, नवऱ्याची दारू सोडवली, असं ज्याला जे सांगायचं ते. काका दर रविवारी उठायचे. कोर्टानंतर ते एकदाही उठले नाहीत. मान खाली घालून बसायचे आणि भक्ती संपली की सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचे. वडीगोद्रीला गेले की मी मुद्दाम त्यांच्या मागच्या बाकावर बसे आणि त्यांच्या मानेकडे बघत राही. त्यात मला सुख होतं.

आमच्यात मेलेल्या माणसाची दर वर्षी स्मरणभक्ती होते. दारापुढे मांडव टाकतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, घरचं कुणी संदेश देतं आणि मग घरचे लोक नाव घेऊन एकेकाला उठवतात. ज्याचं नाव घेतलं त्यानं मेलेल्या माणसाबद्दल साक्ष द्यायची. नाव न घेता कुणी उठत नाही आणि नाव घेतल्यावर कुणी बसून राहत नाही. मेलेल्याच्या दारात नाही म्हणायचं नसतं. शांतवनच्या स्मरणभक्तीत नावं मी घेते. शमुवेलकाका दर वर्षी येत, शेवटच्या सतरंजीवर बसत. मी दर वर्षी त्यांच्यावरून नजर फिरवी आणि दुसऱ्याचं नाव घेई. ज्यानं शांतवनला शेवटचं बघितलं त्याला सोडून सगळ्यांना मी बोलू दिलं. ही माझी शिक्षा होती आणि ती त्यांना कळत होती.

या वर्षी मी शिक्षा बदलली.

कारण अंगद झेडपीला उभा राहत होता. महामार्गावर त्याचे फ्लेक्स लागले, दोन्ही हात जोडलेले, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर जन्मात न दिसलेली नम्रता. आमच्याकडे निवडणूक जवळ आली की उमेदवार कुठलं बारसं चुकवत नाही, कुठला दहावा चुकवत नाही. बोलावलं तर येतोच, न बोलावता जास्त लवकर येतो. मी विचार केला, याला एकाच मांडवात शमुवेलकाकांसमोर बसवलं तर?

मी त्याला स्वतः फोन केला. माझ्या आवाजात मी मध कालवला.

"अंगदभाऊ, शांतवनची स्मरणभक्ती हाये. झालं गेलं ते झालं. तुम्ही आलात तर आईला बरं वाटंल."

तो म्हणाला, "ताई, तुम्ही बोलवलं अन् मी न्हाई आलो, असं व्हईल का? बराबर येतो."

तो येणार हे मला ठाऊकच होतं. कोर्टानं त्याला सोडलं होतं, गावानं नव्हतं सोडलं. माझ्या भावाच्या फोटोला हार घालतानाचा त्याचा फोटो म्हणजे त्याच्यासाठी कोर्टापेक्षा मोठा निकाल होता.

माझा हिशेब सरळ होता. मी भर मांडवात शमुवेलकाकांचं नाव घेणार. ते उठले आणि पुन्हा खोटं बोलले, तर शांतवनच्या फोटोसमोर, माझ्या आईच्या तोंडावर बोलतील, आणि उरलेलं आयुष्य वडीगोद्रीत त्यांच्या दारी कुणी पाणी प्यायला जाणार नाही. खरं बोलले, तर अंगद त्यांना बघून घेईल. दोन्हीकडून माझंच साधत होतं. त्या म्हाताऱ्याचं काय होईल याची मला फिकीर नव्हती. खरं सांगायचं तर, काहीतरी व्हावं असंच मला वाटत होतं.

संदेशही मीच देणार होते आणि शब्दही मी निवडून ठेवला होता: मार्तुस.

भक्तीच्या दिवशी सकाळीच मांडव पडला. आईनं भाताचं आणि मटणाच्या रश्श्याचं बघितलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. अंगद येणार म्हटल्यावर तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कांदे चिरत राहिली. "तुला काय करायचं ते कर," एवढंच म्हणाली.

अंगद पाच-सहा जणांना घेऊन आला. मी त्याला पुढची प्लॅस्टिकची खुर्ची दिली. त्याच्याबरोबर राधेश्याम नावाचा कार्यकर्ता होता. अंगदचा कार्यक्रम मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचं काम त्याच्याकडे. तिवईवर मोबाइल चढवून तो मांडवाच्या मधोमध उभा राहिला. अंगदनं शांतवनच्या फोटोला हार घातला, मोबाइलकडे तोंड करून डोळे मिटले, मग आईच्या पाया पडला. आईनं पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. शमुवेलकाका शेवटच्या सतरंजीवर होते. अंगदला बघून त्यांचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं.

गीत झालं, प्रार्थना झाली. मी उभी राहिले.

"आज एकच शब्द सांगते," मी म्हणाले. "आपण ज्याला साक्षीदार म्हणतो, त्याला नव्या करारात मार्तुस म्हटलंय. हा शब्द चर्चमध्ये जन्मलेला नाही. येशूच्या कितीतरी आधी ग्रीस देशातल्या कोर्टकचेऱ्यांत तो रोज वापरात होता. शेजाऱ्याची भिंत कुणी पाडली, बैल कुणी नेला, कुणी कुणाला मारलं, हे ज्यानं बघितलं आणि उभं राहून सांगितलं, तो मार्तुस. त्याला शहाणपण लागत नव्हतं, पुण्य लागत नव्हतं. डोळे लागत होते आणि तोंड लागत होतं."

काही बाया हसल्या. अंगदही हसला. राधेश्यामनं मोबाइल माझ्याकडे वळवला.

"त्याच्याही मागे जाऊन काही विद्वान म्हणतात की या शब्दाचं मूळ आठवण ठेवण्यात आहे. आपण स्मरण म्हणतो, त्याच घराण्यातलं ते मूळ. सगळ्यांना हे पटत नाही, पण मला पटतं. कारण बघणं एका क्षणाचं असतं. त्यानंतर ते सांभाळून ठेवावं लागतं. पहिल्या शिष्यांनी हाच कोर्टातला शब्द उचलला. ते म्हणाले, आम्ही विद्वान नाही, आम्ही बघितलंय, आम्ही मार्तुस आहोत. म्हणून आपण रविवारी उभं राहून जी साक्ष देतो, ती कोर्टातल्या साक्षीपेक्षा वेगळी नाही. इथं खोटं बोलणारा आणि तिथं खोटं बोलणारा एकच."

इथं मी थांबले. या शब्दाची अर्धी गोष्ट अजून बाकी होती. माझ्या वर्गात मी ती नेहमी सांगते: ज्यांनी अशी साक्ष दिली त्यांना लोकांनी दगडांनी ठेचलं, जाळलं, जनावरांपुढे टाकलं. इतक्यांना मारलं की पुढे पुढे मार्तुस म्हणजे साक्षीसाठी जीव दिलेला माणूस, असाच अर्थ होऊन बसला. त्या दिवशी मी ते मुद्दाम गाळलं. सावजाला पुढचा खड्डा कशाला दाखवायचा?

"आता साक्षीसाठी मी एकच नाव घेते," मी म्हणाले. "शांतवनला ज्यांनी शेवटचं बघितलं, ते शमुवेलकाका."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आई पदराला हात पुसत चुलीपासून उठून मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगद खुर्चीत जरा मागे रेलला. त्याचा चेहरा शांत होता. ज्या म्हाताऱ्यानं कोर्टात शेपूट घातलं, तो इथं काय बोलणार, असं त्याला वाटलं असावं.

शमुवेलकाकांना उठायला वेळ लागला. शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ते उभे राहिले. टोपी काढली. मग एकेका सतरंजीवरून वाट काढत पुढे आले आणि अंगदच्या खुर्चीसमोर उभे राहिले, फोटोकडे पाठ करून. मी मोबाइलकडे बघितलं. राधेश्यामला वाटलं की आता भाऊंचं कौतुक होणार. त्यानं काकांचं तोंड नीट दिसावं म्हणून तिवई पुढे सरकवली.

"मी कोर्टात म्हणलं की मी पाठमोरा व्हतो," काका म्हणाले. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "मी पाठमोरा नव्हतो. मी रोडाकडं तोंड करून बसल्तो. गाडी आधी गेली पुढं. मंग थांबली. मागं आली. वळली. हे अंगदभाऊ गाडीत व्हते, खिडकीची काच खाली व्हती, मला वळखलं त्यांनी. ब्रेक फेल झाले म्हणत्यात. मी एस.टी. चालवली जन्मभर. फेल झालेली गाडी थांबून, मागं येऊन, गेर टाकून वळत न्हाई."

अंगद उठला नाही. तो फक्त म्हणाला, "काका, उन्हात बसलात बराच वेळ. पाणी द्या रे यांना."

"पाणी नको. माझं बोलणं व्हऊ द्या." काका आईकडे वळले. "मालनबाई, शांतवन खाली वाकून टायर बघून राह्यला व्हता. गाडी आली तसं त्यानं वर बघितलं. त्याला बाजूला व्हता आलं असतं. त्यानं आधी मला ढकललं. मी नालीत पडलो. म्हणून मी हाये."

आई जिथं होती तिथंच खाली बसली. मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्या मानेकडे बघत होते आणि ती मान कुणामुळे शाबूत आहे हे मला माहीत नव्हतं. मला त्याचा आणखी राग आला. माझ्या भावानं दिलेला जीव घेऊन हा माणूस कोर्टात खोटं बोलला होता.

"मंग तुम्ही कोर्टात का न्हाई सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"पायल," ते म्हणाले. पायल त्यांची नात, आईबाप नसलेली. "शाळेत जायची सायकलवर. मला कुणी धमकी दिली न्हाई. काही म्हणले न्हाईत. फक्त तिच्या सायकलीमागं रोज एक हायवा चालायचा. हळूहळू. सायकलीच्या चालीनं. तिला वाटायचं, ड्रायव्हर चांगला हाये, हॉर्न बी वाजवीत न्हाई."

कुणीतरी बाई रडायला लागली. तेव्हा अंगद उठला. हात जोडून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "वय झालंय यांचं. कोर्टानं मला निर्दोष सोडलेलं हाये. कुणाच्या दुःखात मी वाद घालत नसतो." बोलता बोलता त्याची नजर तिवईवर गेली. "राधेश्याम, बंद कर ते."

राधेश्याम पडद्याकडे बघत राहिला होता. पडद्यावर खालून लोकांचे शब्द भराभर वर चढत होते. अंगदच्या भाषणाला कधी इतकी माणसं जमली नव्हती. त्याच्याच फेसबुकच्या पानावरून, त्याच्याच माणसानं, त्याच्याच मोबाइलवर सगळ्या तालुक्याला ते दाखवलं होतं. राधेश्यामनं घाईघाईनं बंद केलं, पण तोवर आमच्या मांडवातल्या पोरांनीही आपापले मोबाइल बाहेर काढले होते. अंगद गाडीत बसला. दार लावण्याआधी त्यानं शमुवेलकाकांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. ती नजर मला ओळखता आली. सहा वर्षं मी त्याच नजरेनं काकांना बघत होते.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पुढे काय होणार हेही मी आधीच ठरवून ठेवलं होतं. मग गाडीमागची धूळ बसेपर्यंत मी तिथंच का उभी राहिले, हे मला कळेना.

लोक जेवायला बसले. आई उठली, तिनं स्वतः ताट वाढलं आणि काकांपुढे ठेवलं. "भाऊ, जेवून जा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. काका दोन घास जेवले.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "पुण्याला गेली ना पायल?"

"गेल्या साली. नर्सिंगला." ते ताटात बघत म्हणाले. "गेल्या साली बी आल्तो मी भक्तीला. तू नाव घेतलं न्हाईस."

"रविवारी सांगायचं होतं मंग. रविवारी कोण अडवतं?"

"रविवारी अंगद कुठं असतो? ज्याच्याबद्दल सांगायचं तो समोर नसला तर ती चुगली व्हती, साक्ष न्हाई."

त्यांनी हात धुतले, टोपी घातली.

"तू शब्द चांगला सांगितला, सुवी. पण अर्धाच सांगितला."

मी वर बघितलं.

"पोरगा असतानी आमच्या पाळकांनी सांगितल्ता हाच शब्द. ग्रीक बिलकुल येत नव्हतं त्यांना, पण हा एक येत व्हता. ज्यांनी ज्यांनी साक्ष दिली त्यांचं काय झालं, तेबी सांगितल्तं. तू का गाळलं ते मला तिथं बसल्या बसल्याच कळलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. "म्हणून उठाया जरा येळ लागला."

म्हणजे खड्डा त्यांना दिसला होता. बघून, टोपी काढून, ते त्यात उतरले होते. मला शरम वाटली. शरमेबरोबर रागही तसाच होता, तो कमी झाला नव्हता. दोन्ही एकाच वेळी कसं राहतं, हे मी तोवर कुठल्या भाषेत शिकले नव्हते.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"अंबडला. पोलिसात जबाब देतो. कोर्टात खोटं बोललो तेबी सांगतो. जल्दी गेलेलं बरं. फाट्यावर गाडी मिळंल."

"मी येते."

"तू कशाला? माझं ऐकून घेतील ते."

"तुमचं ऐकलं त्यांनी एकदा. उद्या तुम्ही नसलात तर कोण सांगणार त्यांना? तुम्ही काय बोललात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेवढं तर मला सांगता येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग फक्त मान हलवली. आई दारात उभी होती. तिनं मला थांबवलं नाही. "चप्पल नीट घाल," म्हणाली.

घरापासून फाटा जवळच आहे. पण तेवढं अंतर महामार्गाच्या कडेनंच चालावं लागतं. शांतवनच्या दुकानाची जागा आता मोकळी आहे, तिथं कुणी तरी भंगार टाकलेलं आहे. काका तिच्याकडे न बघता चालत होते, रस्त्याच्या बाजूनं, आणि मी आत, मातीच्या बाजूनं. मागून हायवाचा आवाज आला. रिकामी गाडी होती, पत्रा वाजत होता. ती आमच्या मागे आली आणि पुढे गेली नाही. तिचा वेग कमी झाला आणि आमच्या चालीनं मागे मागे येऊ लागली. हॉर्न वाजवला नाही.

काकांनी मागे बघितलं नाही. त्यांची पावलं मात्र जरा अडखळली.

मी त्यांना क्षमा केली नव्हती. आजही केलेली नाही, आणि करीन की नाही ते मला माहीत नाही. मी त्यांचा दंड धरला, त्यांना मातीच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालू लागले.